भुऱ्याची ताटली: कोरड्या दाण्यांपासून कच्च्या मांसापर्यंत

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. भुऱ्या सात वर्षांचा, नसबंदी झालेला, कायम घरातच राहणारा बोका. आजचं वजन ५.६० किलो. आधी मी त्याला उचलून काट्यावर उभी राहायचे, मग एकटी उभी राहून वजाबाकी करायचे. त्यात शंभर-दीडशे ग्रॅमचा घोळ व्हायचा आणि मला तर पन्नास ग्रॅमचा फरकही कळायला हवा. म्हणून तान्ह्या बाळांचा वजनकाटा आणला. त्यावर टोपली ठेवली की भुऱ्या आपण होऊन आत जाऊन बसतो.

हे सगळं सुरू झालं नोव्हेंबरात. तो दर दहा मिनिटांनी लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत, जाऊन बसायचा, कुंथायचा आणि खाली दिसायचे दोन गुलाबीसर थेंब. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. खडे नव्हते, मार्ग तुंबलेला नव्हता, मूत्राशयाला सूज होती. पण बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो पुरता बंद झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, हे त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. औषधांनी त्या वेळी उतरलं. निघताना म्हणाल्या, "याच्या पोटात पाणी जाऊ द्या. कसंही करून."

मांजर भांड्यातलं पाणी मुळात बेताचंच पितं. घरच्या मांजरांचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, कोरड्या मुलखातलं. त्याला बरंचसं पाणी मिळायचं ते शिकारीच्या अंगातून. भुऱ्याचा हिशोब मांडून बघितला. रोज ६० ग्रॅम ड्राय फूडचे दाणे, त्यात पाणी आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ५ मिली. तेवढ्याच उष्मांकांचं मांस १५० ग्रॅमच्या आसपास होतं आणि त्यात पाणी शंभर मिलीच्या वर जातं. हा आकडा बघितल्यावर माझं मन कच्च्या मांसाकडे वळलं.

७ जानेवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. कच्चं मांस म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. डबाबंद ओलं अन्न द्या, पाण्याचा प्रश्न सुटतो, कच्च्याची जोखीम कशाला, हे त्यांचं म्हणणं. कच्च्या मांसात साल्मोनेला, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात. मांजराला स्वतःला काही झालं नाही तरी ते जंतू त्याच्या विष्ठेतून, तोंडातून घरभर जातात. अमेरिकन पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ पासून कुत्र्या-मांजरांना कच्चं प्राणिजन्य अन्न देऊ नये अशी भूमिका घेतली आहे, हेही त्यांनी सांगितलं.

मी माझं म्हणणं मांडलं. त्याच्या ताटलीत काय जातं ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे आणि मेहनत करायची माझी तयारी आहे. बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी अटी घातल्या. आधी रक्त आणि लघवीची तपासणी. पाककृती आपल्या मनाने बनवायची नाही, पशुआहारतज्ज्ञांकडून भुऱ्यासाठी लिहून घ्यायची. वजन आठवड्याला एक टक्क्याहून जास्त उतरता कामा नये, म्हणजे त्याच्यासाठी ५६ ग्रॅम. आणि चोवीस तास त्याने काही खाल्लं नाही तर रात्र-दिवस न बघता फोन करायचा.

लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०५८ आलं. म्हणजे फार घट्ट. रक्त ठीक.

९ जानेवारी

दिवसभर भरलेली वाटी उचलली. सात वर्षं ती वाटी त्या कोपऱ्यात होती. आता तीन वेळा २० ग्रॅम, अर्धा तास ठेवायचं आणि उरलेलं उचलायचं. जेवायच्या वेळी पोटात भूक नसेल तर मांजर सहसा अनोळखी पदार्थाला तोंड लावत नाही. म्हणून बाकी काहीही करण्याआधी हे.

पहाटे चारला भुऱ्या रिकाम्या कोपऱ्यात बसून ओरडत होता. मी उठले नाही. फार जड गेलं.

१४ जानेवारी

लागली सवय. साडेसहा, दोन आणि साडेनऊ. सव्वानऊ झाले की माझ्या पायात घुटमळतो. वाटी आता दहा मिनिटांत चाटूनपुसून साफ.

१६ जानेवारी

पहिल्यांदा ओलं अन्न. थेट कच्च्यावर न जाता मध्ये हा टप्पा घेतला आहे, कारण भुऱ्याच्या दृष्टीने अन्न म्हणजे कुरकुरीत, कोरडी, एका आकाराची गोष्ट. कोणता पोत खाण्याचा आणि कोणता नाही हे मांजरं पिल्लूपणीच बऱ्यापैकी ठरवून टाकतात. शिवाय त्या दाण्यांवर कारखान्यात चरबी आणि खास मांजरांना आवडणारा अर्क फवारलेला असतो. कुरकुर आणि वास दोन्ही एकदम काढून घेतलं तर त्याला समोर अन्न आहे हेच कळणार नाही.

ताटलीत एक चमचा ओलं, बाजूला नेहमीचे दाणे. त्याने मान पुढे केली, वास घेतला, दोन पावलं मागे गेला. मग उजव्या पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला लागला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, तोंड वळवून, अगदी मन लावून. लिटर बॉक्समध्ये करतो तसंच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "अगं, पुरतोय तो."

दाणे खाल्ले. ओल्याला शिवला नाही.

१९ जानेवारी

आजची चूक नीट लिहून ठेवते.

काल रात्री साडेनऊला त्याने दाणे खाल्ले. आज सकाळपासून मी दाणे दिलेच नाहीत, फक्त ओलं. भूक लागली की खाईल, असं मी धरून चालले. सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी साडेसहाला एकवीस तास झाले होते आणि तो कपाटाखाली जाऊन बसला होता. फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता दाणे द्या. मांजराशी उपासाचा हट्ट करायचा नसतो."

मांजर, विशेषतः वजन जास्त असलेलं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीर साठवलेली चरबी भराभर मोकळी करतं. ती सगळी यकृताकडे येते. मांजराच्या यकृताला एवढा लोंढा पेलत नाही, चरबी तिथेच साचत जाते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. मग मळमळ सुरू होते, मळमळीमुळे मांजर आणखी खात नाही आणि शेवटी नळीने भरवायची वेळ येते. कुत्र्याला एखादं जेवण चुकलं तर चालतं, म्हणून मांजरालाही चालेल असं नाही.

दाणे खाताना त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते. यापुढे दिवसाचे उष्मांक पोटात गेलेच पाहिजेत, कशातूनही जावोत. नवीन पदार्थाने जुन्याच्या शेजारी बसायचं. जुना कधी उचलायचा ते भुऱ्या ठरवेल.

२७ जानेवारी

आठवडाभर काय काय केलं ते लिहिते.

दाणे मिक्सरमधून काढून पूड केली. अर्धा चमचा ओलं अन्न ताटलीत पातळ पसरायचं आणि त्यावर पूड भुरभुरायची. पहिले दोन दिवस त्याने वरची पूड तेवढी चाटली, पण ती चाटताना खालचं थोडं जिभेला लागायचंच. तिसऱ्या दिवशी ताटली पुरती साफ.

दुसरी गोष्ट ऊब. फ्रीजमधून काढलेलं ओलं अन्न त्याला चालत नाही. वाटी गरम पाण्यात धरून अन्न अंगाइतकं कोमट केलं, ३७-३८ अंशांच्या आसपास, की वास उठतो आणि तो चालत येतो. मायक्रोवेव्ह वापरत नाही. मध्येच एखादा भाग पोळण्याइतका तापतो.

तिसरी म्हणजे ताटली. खोलगट वाटी सोडून सपाट स्टीलची ताटली घेतली. ओलं खाताना मिशा कडेला लागल्या की तो मागे सरतो, असं माझं निरीक्षण. बाकीच्यांच्या मांजरांचं मला माहीत नाही, भुऱ्याच्या बाबतीत फरक पडला.

गोड लावून बघ, असं कुणीतरी सुचवलं. मांजराला गोड कळतच नाही. गोड चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहीचं एक जनुक मांजरवर्गात निकामी आहे, हे २००५ साली दाखवलं गेलं.

४ फेब्रुवारी

अर्धे उष्मांक ओल्यातून. वजन ५.५० किलो.

लिटर बॉक्स सांगतोय. पूर्वी दिवसाला दोन लघवीचे गोळे, लिंबाएवढे. आता तीन, मोसंबीएवढे. आणि तो पाण्याच्या भांड्यापाशी जवळपास जातच नाही. आई काळजीत पडली, पाणी पीत नाहीये म्हणून. तिला बॉक्स दाखवला.

१२ फेब्रुवारी

तिन्ही जेवणं ओली. पुडीची गरज संपली. ५.४५ किलो. आहारतज्ज्ञांचा कागद आला आहे. रविवारी पहिला घाणा.

१६ फेब्रुवारी, रविवार

पूर्ण दुपार यात गेली, म्हणून सविस्तर लिहिते.

एक किलोच्या घाण्यात मुख्य भाग कोंबडीच्या मांडीचं बिनहाडांचं मांस, ८०० ग्रॅम. छातीचं मांस घेतलं नाही, कारण मांडीत चरबी आहे आणि टॉरीन, म्हणजे मांजराला अन्नातूनच मिळवावं लागणारं एक पोषकद्रव्य, तेही जास्त आहे. कोंबडीची हृदयं १५० ग्रॅम, टॉरीनसाठी उत्तम. कलेजी ५० ग्रॅम, एक ग्रॅमही जास्त नाही. मांजराला गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवता येत नाही, ते थेट कलेजीसारख्या प्राणिजन्य अन्नातूनच मिळवावं लागतं. पण महिनोन्‌महिने कलेजी जास्त झाली तर हेच जीवनसत्त्व अंगात साठतं आणि मानेच्या मणक्यांवर हाडाची वाढ होऊन मान ताठ होते. मांजर आवडीने खातं म्हणून कलेजी वाढवत नेणं ही घरगुती आहारातली जुनी चूक आहे.

मग अंड्याच्या टरफलांची पूड. हाडं घालायची नाहीत हे आधीच ठरवलं होतं. कच्चं हाड दळायचं तर तसं यंत्र लागतं, आणि शिजवलेलं हाड तर कधीच नाही. त्याचे सुरीसारखे कपचे निघतात. पण हाड नाही म्हणजे कॅल्शियम नाही. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. असं मांस महिनोन्‌महिने खाल्लं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त हवं, साधारण १.१ ते १.४ ला १. टरफलं उकळून, ओव्हनमध्ये वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी दळली आणि दोनदा चाळली. किलोला साडेसहा ग्रॅम. बोटांत चोळून बघितली, जराही कच नको होती.

टॉरीन २ ग्रॅम. छोट्या डबीतली पांढरी, वासहीन पूड. हिच्याशी मी जरा थांबले. मांजराच्या शरीरात टॉरीन पुरेसं तयार होत नाही आणि पित्तातून ते सतत खर्च होत राहतं. १९७५ साली कळलं की टॉरीन कमी पडलं की मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मांजरांचं हृदय फुगून निकामी होण्याचा एक मोठा प्रकार निव्वळ टॉरीनच्या कमतरतेने होतो आणि टॉरीन दिलं की सुधारतो. ती मांजरं घरचं काहीबाही खाणारी नव्हती, बाजारातलं तयार अन्न खाणारी होती. त्यानंतर तयार अन्नातलं टॉरीन वाढवलं गेलं. तयार अन्नावर माझा राग नाही तो यामुळेच. तिथे चूक झाली, ती सापडली आणि दुरुस्त झाली. माझ्या स्वयंपाकघरात चूक झाली तर ती शोधायला मी एकटीच आहे. खिमा करताना, गोठवताना, पाणी गळताना टॉरीन थोडं जातं, म्हणून हृदयं घातली तरी पूड चुकवायची नाही.

दोन अंड्यांचे बलक घातले. कच्चा पांढरा वगळला, त्यातलं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं. माशाचं तेल, ई जीवनसत्त्व, ब गट, ड, आयोडीन, जस्त, मँगनीज हे सगळं कागदावरच्या मापाने. ते आकडे इथे उतरवत नाही. ते भुऱ्याच्या वजनाला आणि तपासण्यांना धरून काढलेले आहेत, दुसऱ्या मांजराला ते लागू होतीलच असं नाही. कच्चा मासा नाही. बऱ्याच माशांत थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, मोडणारं विकर असतं. कांदा-लसणाच्या फळीवर मांस कापलं नाही, त्यासाठी वेगळी फळी आणली. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, अगदी थोडाही नको.

शेवटी १५० मिली पाणी. सगळं हाताने कालवलं. औषधांची पूड आधी पाण्यात विरघळवली, नाहीतर एका डब्यात सगळं टॉरीन आणि दुसऱ्यात काहीच नाही. १५० ग्रॅमचे डबे भरून फ्रीझरमध्ये. डब्यांवर तारीख.

२० फेब्रुवारी

पाव चमचा कच्चं, दोन मोठे चमचे ओल्यात दडवून. खाल्लं. काही कळलं नसावं.

२४ फेब्रुवारी

अर्धा चमचा. कळलं. ताटलीच्या कडेला कच्च्याचा मुगाएवढा गोळा जिभेने बाजूला काढून ठेवला होता, बाकी सगळं साफ. परत पाव चमच्यावर आले आणि काट्याने अगदी एकजीव केलं.

५ मार्च

पाचपैकी दोन भाग कच्चं झालं होतं, घाई करून काल अर्धं दिलं आणि वर खाऊ म्हणून कलेजीचा तुकडा. आज पातळ शी, दोनदा. खेळतोय, भूक आहे, ताप नाही. डॉक्टरांना कळवलं. दोन दिवस एक पंचमांशावर, कलेजीचा खाऊ बंद. आतड्यातल्या जिवाणूंनाही नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

७ मार्च

शी पूर्ववत.

११ मार्च

स्वच्छतेचे नियम फ्रीजवर लावले, आईसाठीही. डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर वितळवायचा नाही. ताटली अर्ध्या तासात उचलायची, उरलेलं फेकायचं. ताटली आपल्या भांड्यांपासून वेगळी, साबण आणि कडक पाणी. लिटर साफ केल्यावर आणि त्याने खाल्ल्यावर तोंड चाटलं तर हात धुवायचे. खाल्ल्यावर तासभर त्याने कुणाच्या तोंडाशी यायचं नाही. हा नियम माझ्यासाठीच आहे, मलाच सवय आहे.

गोठवल्याने मांस निर्जंतुक होतं असा समज पसरलेला आहे. टॉक्सोप्लाझ्मासारखे परजीवी खोल गोठवण्याने काही दिवसांत मरतात हे खरं. साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबून राहतो. मांस वितळलं की पुन्हा वाढतो.

२३ मार्च, रविवार

आज तिन्ही जेवणं पूर्ण कच्ची. कोरड्या दाण्यांपासून इथवर अकरा आठवडे. ५.३० किलो.

सकाळी त्याला खाताना जमिनीवर बसून बघितलं. दाणे तो गिळायचा, दोनदा चावलं न चावलं. आजच्या घाण्यात हृदयाचे तुकडे मुद्दाम मोठे ठेवले होते. त्याने मान एका बाजूला तिरकी केली, तुकडा मागच्या दाढांपर्यंत नेला आणि कात्रीसारखा कापला. डोळे अर्धे मिटलेले. मग दुसऱ्या बाजूने. सात वर्षांत त्याला असं खाताना मी पाहिलं नव्हतं. खाऊन झाल्यावर ताटलीभोवती पंजा फिरवला नाही. खिडकीत बसून बराच वेळ तोंड पुसत राहिला.

शी आता दिवसाआड, लहान, टणक, वास अगदी कमी.

२ एप्रिल

धाकटी बहीण परवा येते आहे, महिनाभर राहील. भाची सात महिन्यांची आहे, रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. भुऱ्या ज्या फरशीवर खातो त्याच फरशीवर ती रांगणार. फोनवर बहिणीने स्वतःहून विचारलं, "ताई, त्याचं ते कच्चं चालूच आहे का गं?"

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी दुसरी गोष्टही काढली, जी मी जानेवारीपासून मनातल्या मनात टाळत होते: बर्ड फ्लू. एच५एन१ मांजरांना भयंकर लागतो, मज्जासंस्थेवर जातो आणि बरीच मांजरं वाचत नाहीत. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये घरोघरची मांजरं त्याने दगावली. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या निवाऱ्यांतली मांजरं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये कायम घरात राहणारं एक मांजर कच्चं गोठवलेलं टर्कीचं खाणं खाऊन मेलं, आणि त्या खाण्यातला विषाणू आणि मांजरातला विषाणू एकच निघाला. गोठवल्याने हा विषाणूही मरत नाही. नीट शिजवल्याने मरतो.

फोन ठेवला आणि फ्रीझर उघडला. कोंबडीचे अकरा डबे. इतक्या मेहनतीने त्याला जिथे आणलं तिथून मागे यायचं, या विचाराने रडू आलं. मग वही काढून जानेवारीतलं पहिलं पान वाचलं. तिथे मी पाणी लिहिलं होतं. आणि त्याच्या ताटलीत काय जातं ते डोळ्यांनी बघायचं आहे, असं.

३ एप्रिल

शिजवलं. हाडं नाहीत, टरफलाची पूड आहे, म्हणून हे शक्य झालं. हाडाचा खिमा असता तर सगळं फेकावं लागलं असतं. आहारतज्ज्ञांना विचारून आधीच्या डब्यांतलं मंद आचेवर, झाकण ठेवून शिजवलं, आतपर्यंत ७४ अंश होईपर्यंत थर्मामीटर खुपसून. सुटलेला रस एक थेंबही टाकला नाही. टॉरीन उष्णतेने फारसं मोडत नाही, पण पाण्यात उतरतं. रस टाकला की तेही गेलं. आच लागलेली जीवनसत्त्वं त्यांच्या सांगण्यावरून गार झाल्यावर पुन्हा घातली, टॉरीनही. बटाट्याच्या मऊ भाजीसारखं दिसतं, वास सूपचा.

भुऱ्याने वास घेतला. बसला. माझ्याकडे बघितलं. मी थोडंसं ओलं अन्न वर घातलं आणि खोलीतून बाहेर गेले. परत आले तर निम्मं संपलं होतं.

६ एप्रिल

पूर्ण ताटली. ज्याला कोरड्या दाण्यांशिवाय काही अन्नच वाटत नव्हतं, त्याने तीन दिवसांत नवीन पोत घेतला. जानेवारीत याला महिना गेला असता.

२१ एप्रिल

तपासणी. लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०३४. स्फटिक नाहीत, रक्त नाही. रक्तातला युरिया किंचित वर सरकला आहे. प्रथिनं जास्त असलेल्या आहारात तसं दिसतं असं डॉक्टर म्हणाल्या, बाकीची मूत्रपिंडाची चाचणी ठीक आहे, तीन महिन्यांनी परत बघू. रिपोर्टच्या कागदावर १.०३४ भोवती त्यांनी स्वतः पेनाने गोल काढला. "हे मला हवं होतं," म्हणाल्या.

४ मे २०२५, रविवार

५.१५ किलो. कमरेला खाच दिसायला लागली आहे, बरगड्या हाताला लागतात. नोव्हेंबरनंतर लघवीचा त्रास एकदाही नाही.

बहीण आणि भाची गेल्या. परत कच्च्यावर जायचं का यावर आठवडाभर विचार केला. कोंबडीचं तरी नाही. एच५एन१ पक्ष्यांत असेपर्यंत या घरात कोंबडी शिजूनच ताटलीत जाईल. ते दाढेने कापून खाणं मला आठवतं आणि त्याचं वाईट वाटतं, म्हणून हृदयं शिजवताना अख्खी ठेवते. तीही तो तशीच, मान तिरकी करून खातो.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते पाळते आहे. उद्या दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर तिथे आपलं घरचं मिळणार नाही, म्हणून जुन्या खाण्याची ओळख पुसू द्यायची नाही. आठवड्यातून एक जेवण डबाबंद ओलं, आणि रोज रात्री पाच दाणे.

दाण्यांची बरणी वरच्या फळीवर आहे. झाकण फिरवलं की तो घरात कुठेही असला तरी धावत येतो, शेपटी ताठ. पाचही दाणे एकेक करून माझ्या तळहातावरून खातो. मग उडी मारून फ्रीजसमोर जाऊन बसतो, उद्याच्या डब्याच्या कप्प्याकडे बघत.